जिनातली नदी

आमच्या बोरटेकच्या बंद पडलेल्या जिनात, म्हंजे कपाशीतून सरकी काढाच्या कारखान्यात, एक नदी होती, अन् तिच्यावर पाऊस पाडाचं काम माह्याकडं होतं.

हसू नोका. सरकारी काम होतं ते. झारी भरली, फळीवर चढलो, पाऊस पाडला, उतरलो, बिडी पेटवली. जिनाच्या फाटकापाशी माहा पानठेला, म्हनून पाटबंधाऱ्याच्या सायबाले मी आयता भेटलो. गावानं मले इंद्रदेव नाव ठेवलं. माह्या बायकोले कोनी इचारलं, "काहो आशाबाई, शेषराव कुठी गेले?" त ती म्हने, "गेले पाऊस पाडाले. घरचा माठ भरा म्हटलं का कंबर दुखते त्याईची."

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्सं झाले होते तवाची गोष्ट. बोरटेक म्हंजे चांदूर बाजाराच्या वरतं, पहाडाच्या पायथ्याले. पहाडातून खापरी नदी येते. नदी म्हनाची पद्धत हाय, नाई त उन्हाळ्यात तिच्यात बकरी बी खूर ओला करू शकत नाई. सरकारनं गावाच्या वर तलाव बांधला, तलावाचा पाट आला, अन् वरच्या शिवारातल्या लोकाईले धानाचा, म्हंजे भाताचा, नाद लागला. बापजाद्यापासून कपाशी अन् जवारी पेरनारे लोकं, भंडाऱ्याकडचे मानसं बोलावून बांध्या घालाले शिकले. बांधी म्हंजे चारी बाजूनं मातीचा बांध घातलेलं वावर. परातीत पानी ठेवावं तसं पानी उभं राह्यते त्याच्यात. अशा बांध्या एकीखाली एक, पायऱ्यासारख्या, तलावापासून थेट नदीपर्यंत. अन् सगळ्याईच्या खाली, नदीच्या काठावर, माळीपुरं.

अमरावतीच्या एका वकिलाचं पोरगं, हेमचंद्र नाव, पाटबंधाऱ्याच्या हापिसात नवं नवं लागलं होतं. त्याच्या डोक्यात एक किडा घुसला. एवढं पानी बांध्यांमधी उभं हाय, जोराचा पाऊस आला अन् वरची बांधी फुटून खालचीवर पडली, खालची तिच्या खालचीवर पडली, त नदीत एकदम किती पानी येईन? माळीपुऱ्यापर्यंत येईन का? हिशेबानं त्याचं समाधान होईना. म्हनून त्यानं जिनाच्या टिनाखाली, जिथं पह्यले कपाशीचे ढीग पडत, तिथं सारी खापरी नदीच बनवली. कुंभाराची माती, मुरमाचे डोंगर, तलावाच्या जागी लोखंडी घमेलं पुरलेलं, त्याले भोक अन् त्यातून पाट. बांध्यांचे बांध बोटाच्या पेराएवढे. अन् तळाशी माळीपुरं: माचिसच्या रिकाम्या डब्या. लाकडाच्या पातळ पट्टीच्या, तवा तशाच भेटत.

माळीपुऱ्यातले लोकं पाहाले आले त कोनाले नदी दिसेना, डोंगर दिसेना. ज्याले त्याले आपली डबी दिसे.

"हे वामनरावचं घर."

"अन् हे खुशालचं. पाय, इथंबी वाकडंच हाय."

खुशालराव म्हंजे माहा दोस्त. वांगे, मिरच्या, सांबार म्हंजे कोथिंबीर, अन् झेंडूवाला मानूस. गावात कोनाची खोडी निघाली अन् ती माही नसली, त खुशालची समजाची. एकदा आमी दोघाईनं मास्तराच्या सायकलीचं चाक... जाऊ द्या, ती येगळी गोष्ट हाय.

उन्हाळा तापला तशी सायबाची नदी तडकाले लागली. बांधाले भेगा, डोंगराले भेगा. सायबानं मले इचारलं, "शेषराव, याला उपाय?" म्या म्हटलं, "याले कोनतीबी बाई सांगन उपाय. चुलीले भेग पडली त काय कराचं?" असं खुशालची बायको पार्बताबाई सारवनाले लागली. रोज सकाळी माती, शेन अन् बारीक भुसा कालवून आने, अन् सारी नदी सारवून टाके. सायेब आठवड्यातून एकदोनदा मोटारनं अमरावतीहून येई, बाकीचे दिवस जिन आमचंच. मी फळीवर बसून बिडी ओढत राहो अन् ती खाली बसून डोंगर सारवे.

"इंद्रदेवा, राख खाली पाडू नोको. आताच सारवलं."

"वहिनी, पहाडात वनवा लागला समजा."

"तुमाले अन् त्याईले देवानं एकाच मातीतून बनवलं. उरलेल्या."

खुशाल एक दिवस आला, नदीभोवती फेरी मारली, अन् सायबासमोर उकिडवा बसला.

"सायेब, सगळं बराबर हाय. पन माही विहीर कुठी हाय?"

सायेब हसला. "खुशालराव, या मापात तुमची विहीर सुईच्या टोकाएवढी येईल. इतकं बारीक नाही दाखवत."

"घर दाखवता अन् विहीर नाई? घर त हिचं हाय सायेब. माही त विहीरच हाय."

अन् उठून कुंपनाचा बाभळीचा काटा मोडून आनला, आपल्या डबीच्या मागं मातीत खुपसला, गोल फिरवला, काढला. "हे घ्या. झाली माही इस्टेट. आता इंद्रदेव, जरा जपून पाड, मोट भिजन."

पार्बताबाई भडकली. "सरकारच्या नदीले भोकं पाडून राह्यले! पोरं मोठी झाले, सून आली घरात, तरी अक्कल येत नाई."

दुसऱ्या सकाळच्या सारवनात ते भोक बुजलं. खुशालनं पाह्यलं अन् मले डोळा मारला. "पाह्यलं? बायको म्हंजे दुष्काळच हाय."

मग सायबानं पह्यला मोठा पाऊस पाडाले लावला. सारं माळीपुरं जमलं होतं, जसा काही दंडारीचा खेळच हाय. मी फळीवर चढलो, मोठी झारी घेतली, अन् थांबू नोका म्हनेपर्यंत थांबाचं नाई असा हुकूम. घमेलं भरलं, सांडलं. बांध्या भरल्या. बांधाच्या वरतून पानी वाहाले लागलं, मग एक बांध बसला. तो खालच्यावर गेला. तो त्याच्या खालच्यावर. भाजीबाजारात टोपल्यांची उतरंड सुटते ना, तशी. अन् आतापर्यंत बारीक वाहनारी खापरी एकदम लाल होऊन फुगली अन् माळीपुऱ्यावर चढली. डब्या उठल्या. वामनरावची डबी सुटली, तिच्या मागं खुशालची.

खुशाल टाळ्या पिटून राह्यला. "अरे पाहा, माहं घर वामनरावच्या पुढं गेलं! मार, मार!"

सारे पोट धरून हसले. सायेब हसला नाई. त्यानं पानी बंद कराले सांगतलं, डब्या गोळा केल्या, रुमालानं पुसल्या, अन् म्हने, "असं झालं तर माळीपुरं इथून हलवावं लागेल. सरकार बरडावर जागा देईल."

हसनं असं बंद झालं जसं कोनी दिवा फुंकला.

बरड म्हंजे गावाच्या मागचं मुरमाड टेकाड. पार्बताबाई उभी राह्यली. "सायेब, बरडावर काय पिकते?"

"जागा उंच आहे, बाई. सुरक्षित आहे."

"मी ते नाई इचारलं. पिकते काय?"

सायबाले काय मालूम. म्या सांगतलं, "बरडावर बोरं पिकतेत अन् इंचू."

"माह्या आजेसासूनं सांगतलं हाय," पार्बताबाई म्हने, "खापरी कदी आमच्या चिंचेच्या वर आली नाई. ती चिंच अजून उभी हाय. माह्या विहिरीले बारा महिने पानी हाय. आमी बरडावर जाऊन माती खाऊ का?"

"तेव्हा वर धान नव्हता," सायेब म्हने. पन पोरगं वाईट नव्हतं. "हे पाहा, एकदाच पाहून मी कोणाचं घर उठवणार नाही. पावसाळ्याआधी पुन्हा पुन्हा करून पाहू. पाणी खरंच येत असेल तरच लिहीन."

त्या सकाळपासून माळीपुऱ्याचं जगनं-मरनं त्या डब्यांवर आलं. पार्बताबाईनं आपल्या डबीले हळद-कुंकू लावलं. अन् सारवनाले रोज येत राह्यली, एक दिवस खाडा नाई.

पुढच्या पावसाले बांध फुटले, पन कमी. डब्या हालल्या, उठल्या नाई. त्याच्या पुढच्या पावसाले पानी डब्यांच्या पायाले लागून परत गेलं. म्या म्हटलं, सायेब, माही झारी बुजली का काय? सायबानं झारी तपासली, भोकं मोजले. सारं बराबर. पाऊस तेवढाच, पानी कमी.

सायबाले त्याचं कारन सापडलं. मोठं पटनारं कारन होतं. म्हने, "पहिल्यांदा माती कच्ची होती, शेषराव. ओली माती लगेच बसते. खरे बांध काही असे कच्चे नसतात, वर्षभर तुडवलेले असतात. आता आपली माती मुरली आहे, आता ती खऱ्यासारखी वागते आहे." असं म्हनून इतका खूश झाला का माह्या ठेल्यावर येऊन त्यानं पान खाल्लं, अन् अंगरख्यावर पिचकारी सांडवली. वकिलाच्या घरी पान खाऊ देत नसतीन.

वरच्या शिवारातला उत्तमराव एकदा आला. त्याच्या बांध्या सगळ्यात जास्त. मिशीले पीळ देऊन आपल्या बांध्या पाह्यल्या अन् म्हने, "काबे शेषराव, माहे बांध एवढे उंच हाईत का?"

म्या म्हटलं, "तुहे बांध नाई उंच, तुहं नाक उंच हाय. सरकारले बांध मोजाचे होते, त्यानं नाक मोजलं."

उत्तमराव बी हसला. पार्बताबाई तिथंच बसली होती, शेनाचा हात घेऊन. ती बी हसली. पदरात तोंड घालून.

मिरगाच्या तोंडावर जीपमधून मोठे सायेब आले. टोपी, काठी, चष्मा. हेमचंद्र सायबानं डब्या दोन-तीनदा सरळ केल्या. मी फळीवर चढलो अन् असा पाऊस पाडला का इंद्रानं पाहून राजीनामा द्यावा. झाऱ्यावर झाऱ्या. घमेलं सांडलं, बांध्या काठोकाठ भरल्या, अन् भरल्या त भरल्याच. तिथंच पानी उभं. आरशासारखं. खापरी आपली शहान्या सुनेसारखी खालमानेनं वाहत गेली. डब्या कोरड्या. हळदीचा ठिपका बी ओला नाई.

मोठे सायेब म्हने, "छान. धानाच्या बांध्या पूर अडवतात, हे सिद्धच झालं की. उगाच लोकांना उठवायला नको."

माळीपुऱ्यात त्या दिवशी पुरनाचा सयपाक झाला. खुशालनं जीपमधी वांग्याची टोपली ठेवली. खालून वांगे, वरून वांगे, मधी एक मोठा बेंडूक. जीप नाल्यापर्यंत गेली अन् तिथून जी आरोळी आली, ती आमी दोघं आयुष्यभर सांगत राह्यलो असतो.

असतो म्हनतो.

पाऊस वेळेवर लागला. धान लागला, बांध्या भरल्या. भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं महालक्ष्मीले सोळा भाज्या लागतेत, आंबील लागते, झेंडूची कमान लागते, म्हनून माळ्याचं सारं वरीस त्या दोन-तीन दिवसांवर उभं. आदल्या दिवशी सारं माळीपुरं वाडीत होतं. कोनी पालक उपटून राह्यलं, कोनी फुलं तोडून राह्यलं. पाऊस सकाळपासूनच होता. पावसाले कोन भेते? माळी पावसात भिजला त म्हनते बरं झालं, भाजी ताजी दिसन.

दुपारी मी ठेल्यावर होतो. पह्यले आवाज आला. गाडीभर मुरूम कोनी ओतला असा. थांबला. पुन्हा आला, जवळून. पुन्हा. मले तो आवाज वळखीचा वाटला. तो आवाज लहान होता तवा आयकला होता मी, जिनातल्या फळीवर उभा राहून.

मी फाटकातून ओरडलो. आयकाले कोन होतं. माळीपुऱ्यातून लोकं पळत सुटले, जिनाकडंच, कारन जिन उंच. कोनाच्या काखेत पोरगं, कोनाच्या हातात सूप, एक बाई महालक्ष्मीचा मुखवटा छातीशी धरून आली, स्वतःचं पोरगं खाली विसरली होती. ते पोरगं वामनरावनं आनलं. वामनरावची माय मांगच राह्यली, तिले चालता येत नव्हतं. नदी वर आली ती पान्यासारखी नाई आली. भिताडासारखी आली, मातीची, धानाच्या रोपासकट. घरं पडल्याचा आवाजबी नाई आला. होते, मग नव्हते.

सारे लोकं जिनाच्या टिनाखाली उभे होते. मधोमध सायबाची नदी. कोनी तिच्यावर पाय देला नाई, काठाकाठानं उभे राह्यले, सवयीनं. खालच्या माळीपुऱ्याची एक भिंत उभी नव्हती, अन् जिनातलं माळीपुरं कोरडं ठाक.

पार्बताबाई तोंडं पाहत फिरत होती. सून शकुन होती, लेक भगवंत होता. "हे कुठी हाईत? अरे हे कुठी हाईत?"

भगवंत म्हने, "बा बैलं सोडाले गेला होता. विहिरीवर. आलो म्हने, तुमी व्हा समोर."

तेवढ्यात बैलं आले. दोन्ही. चिखलानं माखलेले, गळ्यात कासऱ्याचे तुकडे लोंबत. कासरा तुटला नव्हता. इळ्यानं कापला होता. म्हंजे खुशाल त्याईच्यापर्यंत पोचला होता, कापला होता, अन् मग.

पार्बताबाईनं एका बैलाच्या गळ्यातला तुकडा हातात धरला अन् धरूनच राह्यली.

पानी उतरलं तशी मानसं सापडाले लागले. वामनरावची माय चिंचेच्या फांदीत होती. तीच चिंच, जिच्यावर खापरी कदी आली नव्हती. लहान पोरं बी गेले, त्याईचे नावं नाई घेत. सारे सापडले. खुशाल नाई सापडला. वाडीत कमरेएवढा गाळ, बांध कोनता, घर कोनतं, काही समजे नाई. सारं एका पातळीत, सारवल्यासारखं. लोकं नदीच्या काठानं खाली पार चांदूर बाजाराच्या पुढं पाहून आले.

रस्ता खुला झाला तसा हेमचंद्र सायेब आला. पायी आला. माळीपुऱ्याकडं गेलाच नाई, सरका जिनात. मी मागून गेलो. तो नदीत गुडघ्यावर बसला होता. खिशातला चाकू काढून त्यानं उत्तमरावच्या बांधीचा बांध आडवा कापला, जशी आमी बर्फी कापतो तशी. अन् पाहत राह्यला.

म्या वाकून पाह्यलं. आत मधी लहानसा बांध होता, पेराएवढा, काळ्या मातीचा. त्याच्यावर पापुद्रा. त्याच्यावर पापुद्रा. कांद्यासारखे. शेनाचा, भुशाचा, मातीचा, एकावर एक. सारवनाचे. त्यानं दुसरा कापला, तिसरा कापला. सारे तसेच. बाकी डोंगर, पाट, नदीचा काठ, तिथं सारवन बारीक, पातळ. फक्त बांधावरच जाड.

"शेषराव," तो म्हने, "मला वाटलं माती मुरली."

पार्बताबाई दारात उभी होती. कधी आली मालूम नाई. सायबानं मान वर केली. ओरडन, असं मले वाटलं. तो एवढंच म्हने, "बाई, हे तुम्ही..."

"हो, म्याच," ती म्हने. "एका दिवशी बांध जरा जाड लिपल्या गेला. त्या दिवशी पानी कमी आलं. मग मी रोज लिपलं. तुमी म्हटलं होतं, पानी आलं त उठवीन. म्या येऊ नाई देलं."

"पण खरे बांध तेवढेच होते ना!"

"मले काय मालूम सायेब, खरी नदी बी तुमचं आयकते म्हनून?"

सायेब रडला. एवढा शिकलेला मानूस, चिखलात बसून. ती नाई रडली. तिनं कमरेचा इळा काढला, नदीत उतरली, अन् आपल्याच हातानं बांध खरडाले लागली. एकेक पापुद्रा. पार आतल्या काळ्या मातीपर्यंत. सारे बांध खरडले. मग आपली हळदीची डबी जागेवर ठेवली अन् माह्याकडं पाह्यलं.

"इंद्रदेवा, पाड पानी."

"वहिनी, काहून?"

"डबी कुठी जाते पाह्यतो. जिथं जाईन तिथं हे असतीन."

म्या सायबाकडं पाह्यलं. सायेब नदीतून उठून काठावर झाला. मी फळीवर चढलो. मोठी झारी घेतली. घमेलं सांडलं, बांध सुटले, एकावर एक, अन् डबी उठली. गेली, फिरली, शिंदीच्या वळनावर काठाले लागून थांबली. पार्बताबाईनं फावडं उचललं अन् भगवंतले घेऊन खऱ्या नदीच्या त्याच वळनावर गेली. संध्याकाळपर्यंत खोदलं. कोनाची तरी चौकट निघाली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा आली. "पाड." डबी यावेळी पुलाच्या मोरीत अडकली. मोरी उकरली, एक मेलेली म्हैस निघाली. मग पुन्हा. दर वेळी डबी येगळीकडं जाय. जाईनच ना, झारीचा हात जरा हालला, पानी जरा कमी-जास्त झालं, का डबीची वाट बदलली.

सायेब तिले समजवाले बसला. "बाई, यातून ते कळत नाही. पाणी किती उंच येईल एवढंच यातून पाहायचं असतं. माणूस कुठे गेला हे यातून नाही कळत."

"काहून नाई कळत? मोठ्या सायबाले त कळलं होतं."

"ते खोटं होतं, बाई."

"ते खोटं होतं, कारन म्या लिपलं होतं. आता लिपलं नाई. आता खरं सांगन ते. तुमी त सांगतलं होतं पह्यल्याच दिवशी, डबी वाहते म्हनून. वाहली का नाई?"

जिनातल्या नदीवर सायबाचा भरोसा उडाला होता, अन् तिचा बसला होता. त्यानं कोनाले सारवनाची गोष्ट सांगतली नाई. वरच्याईनं इचारलं त म्हने, माह्या मातीचं चुकलं. मग त्याची बदली झाली, का त्यानंच मांगली, मालूम नाई. जाताना माह्या ठेल्यावर आला, पान नाई घेतलं, म्हने, "शेषराव, ती येईल तेव्हा पाणी पाडत जा."

मी पाडत राह्यलो. सरकारी काम संपलं होतं. ती येई, मी फळीवर चढो. चेष्टा कराची माही सवय, पन त्या फळीवर मी फक्त झारीकडं पाहो. ती डबीच्या मांगं मांगं काठानं चाले, अन् डबी थांबली का फावडं घेऊन जाय. सारं माळीपुरं तवर बरडावर गेलं होतं. टिनाचे झोपडे, बोरीचे काटे. सरकारनंच नेलं, जिथं न्याचं होतं तिथंच.

हिवाळा लागला, गाळ वाळला, तडकला. सायबाच्या नदीसारखाच तडकला. पार्बताबाई एक दिवस जिनात आली अन् म्हने, "आज नोको पानी. आज विहीर उपसाची हाय."

"कोनती?"

"आमची. बरडावर नाई पिकत काही. मी वाडीत वांगे लावतो. गाळावर चांगले येतेत."

विहीर होती कुठी, हेच सापडे नाई. सारी बुजून जमिनीच्या पातळीत आली होती. चिंचेच्या बुडापासून तिनं पावलं टाकत जागा दाखवली. भगवंत, वामनराव, मी अन् शकुन, आमी घमेल्या घमेल्यानं गाळ काढाले लागलो. वरचा गाळ भराभर निघाला. मग मोटेचं चामडं लागलं. मग वामनराव खाली होता तो थांबला, अन् वर पाहून माह्याकडं हात केला.

खुशाल तिथंच होता. आपल्या विहिरीत. बैलाचा कासरा कापून मोटेचा दोर कापाले वळला असन, का भिताडासारखं पानी आलं तवा पायाखालचं थारोळं, जिथं मोट पानी ओतते तेच, खचलं असन, कोनाले मालूम. इळा हातात होता. आमी पार चांदूर बाजारापर्यंत पाह्यलं, अन् तो घराच्या मांगं होता. तिच्या चुलीपासून आरोळी देली त आयकू येईन एवढ्यावर.

पार्बताबाई काठावर बसली. मग म्हने, "त्याईनं केली होती हो विहीर, सायबाच्या नदीत. काट्यानं. दुसऱ्या दिवशी म्याच लिपली."

शकुन रडाले लागली. पार्बताबाईनं तिले पदरात घेतलं, अन् आमाले म्हने, "वर काढा त्याईले. जपून. अन् मग विहीर पुरी साफ करा, खालपर्यंत. पानी लागन."

त्या विहिरीच्या पान्यावर तिनं त्या साली वांगे लावले. असे वांगे बोरटेकच्या जमिनीत कोनी पाह्यले नसतीन, जांभळे, चमकनारे, मुठीत न मावनारे. चांदूर बाजारात टोपली घेऊन बसली त गिऱ्हाईक येई, भाव इचारे, कोनी कानात सांगे का मानूस निघाला त्या विहिरीच्या पान्याचे हाईत, अन् गिऱ्हाईक पुढं जाय. दिवस कलला तरी टोपली तशीच.

म्या घेतले. सारी टोपली घेतली. घरी आशाबाईनं इचारलं, एवढे वांगे काहून, त काही सांगतलं नाई. भाजी केली, खाल्ली. वांग्यासारखे वांगे होते.